गोंगाटाचा गुन्हा

एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुण रॅप गायकाविरुद्ध ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे गुन्हा नोंदविण्यात आला. त्याच्या गाण्यात कोणत्याही पक्षाचे वा पुढाऱ्याचे नाव नव्हते. चोरांचा आणि खोक्यांचा उल्लेख मात्र होता, आणि जून २०२२ च्या सत्तांतरानंतर महाराष्ट्रात ‘खोके’ या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. फिर्याद सत्तारूढ शिवसेनेच्या युवा शाखेतून आली. नाव न घेता केलेली टीका आपल्यावरच आहे असे आपणहून वाटणाऱ्यांसाठी मराठीत एक म्हण आहे; ती वाचकांना ठाऊकच आहे. त्याच सुमारास मुंबईत वडाळ्याच्या उमेश खाडे या दुसऱ्या रॅप गायकाच्या मागेही पोलिसांचा ससेमिरा लागला.

ही गाणी अनेक ज्येष्ठ कार्यकर्त्यांना रुचत नाहीत. त्यात सूर सापडत नाही, ठेका कानठळ्या बसवतो, आवाज यंत्रातून मुद्दाम फाडलेला असतो आणि शब्द अंगावर धावून येतात. या तक्रारीत तथ्य आहे. या प्रकारातल्या पुष्कळ गाण्यांत संताप पुढाऱ्यावर असतो आणि शिवी मात्र कोणाच्या तरी आईबहिणीला बसते. स्त्रीमुक्तीच्या गोष्टी करणाऱ्या चळवळीने त्याकडे कानाडोळा करण्याचे कारण नाही. परंतु रुची आणि फौजदारी कायदा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ज्या हिपहॉपचा उगम झाला, ते परवडणाऱ्या साधनांवर गरिबांच्या पोरांनी उभे केलेले होते. डफ-तुणतुण्यावर उभा राहिलेला अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचा लालबावटा कलापथकही असाच होता, आणि मुंबई सरकारला तोही गोंगाटच वाटत होता.

कल्याण-डोंबिवलीतून पहाटेची लोकल पकडणारा, दाराच्या दांड्याला लोंबकळत मुंबई गाठणारा तरुण गोड गळ्याने गाईल ही अपेक्षाच मुळात अजब आहे. त्याने आपले गाऱ्हाणे सांगावे तरी कोठे? एप्रिल २०२३ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. कल्याण-डोंबिवलीची आधीची निवडणूक २०१५ ची, ठाण्याची २०१७ ची. मुदती संपून कारभार प्रशासकांच्या हाती गेला होता. मतपेटी कुलूपबंद आणि गाण्यावर गुन्हा, असा हा दुहेरी बंदोबस्त होता. ज्या जिल्ह्याने राज्याला त्या वेळचा मुख्यमंत्री दिला, त्याच जिल्ह्यातला हा प्रकार.

आता कलमांकडे पाहावे. मुंगासेवर भारतीय दंड संहितेची ५०१, ५०४ आणि ५०५(२) ही कलमे लावण्यात आली. पैकी पहिली दोन अदखलपात्र. केवळ त्यांच्या आधाराने पोलिसांना वॉरंटाशिवाय कोणाला उचलता येत नाही. दात आहेत ते तिसऱ्याला. समाजगटांमध्ये वैर, द्वेष पसरविण्याचा हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण चोराला चोर म्हटल्याने कोणत्या दोन समाजगटांत वैर माजते? या गुन्ह्यासाठी निदान दोन गट वा समाज गुंतलेले असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने बिलाल अहमद कालू खटल्यात १९९७ सालीच सांगितले होते. आमदारांचा एक गट म्हणजे काही धर्म नव्हे, जात नव्हे.

येथवर वाचून खूश होणाऱ्या विरोधी पक्षीयांनी जरा थांबावे. मे २०२२ मध्ये शरद पवारांविषयीच्या एका फेसबुक मजकुरावरून अभिनेत्री केतकी चितळे हिला ठाणे पोलिसांनी अटक केली आणि ती महिन्याहून अधिक काळ कोठडीत व तुरुंगात राहिली. तेव्हा सरकार महाविकास आघाडीचे होते, आणि लावलेल्या कलमांत हेच ५०५(२) होते. तो मजकूर हीन होता यात शंका नाही. तुरुंगाचे मात्र त्याला कारण नव्हते. त्याही आधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर ठाणे जिल्ह्यातच असताना, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली होती. सरकार काँग्रेस आघाडीचे, आणि कलम? पुन्हा तेच, जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ, जे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले.

एका जिल्ह्यात अकरा वर्षांत तीन सरकारे आणि एकच हत्यार. प्रत्येक वेळी ज्यांनी निषेध केला त्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या वेळी तोंड उघडले, याचा हिशेब पुरोगामी म्हणविणाऱ्यांनीही मांडावा. शीतल साठे, सागर गोरखे यांच्यासारख्या शाहिरांच्या वाट्याला तुरुंग आला तेव्हाही ‘त्यांचे विचार आम्हांला मान्य नाहीत’ हे पालुपद आधी म्हटले गेले, निषेध नंतर.

१ जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली, कलम उरले. भारतीय न्याय संहितेत ते ३५३(२) या क्रमांकाने नांदते. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा याने ठाण्याच्या नेत्यावर विडंबनगीत म्हटले, तेव्हा खारमधील ते सभागृह शिंदे यांच्या शिवसैनिकांनी फोडले आणि कामरावर हेच कलम लागले. त्यानंतर काही दिवसांतच, २८ मार्च रोजी, इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरील गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या समंजस माणसाच्या कसोटीवर जोखावा, जागोजाग अपमान पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसाच्या नव्हे. अशा प्रकरणांत नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) कलमाखाली, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते आणि ती करणेच योग्य, असेही न्यायालय म्हणाले.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ येथील कार्यकर्त्यांना येथे काम आहे. यापुढे एखाद्या पोराच्या गाण्यावर फिर्याद येईल तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन पहिला प्रश्न हाच विचारावा की प्राथमिक चौकशी झाली काय, परवानगी कोणी दिली आणि वैर माजलेले ते दोन समाज कोणते. गाणे ज्याच्यावर आहे तो पुढारी आपल्या आघाडीतला असला, तरी हा प्रश्न विचारायला त्याच पायऱ्या चढाव्यात.