दिवसभर पुरणारी बॅटरी : सवय कोणाची, जबाबदारी कोणाची?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात लिथियम खनिजाचा ५९ लाख टनांचा अनुमानित साठा असल्याचे जाहीर झाले आणि देशभर आनंद व्यक्त झाला. मे २०२५ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातून अतिवेगाने चार्ज होणाऱ्या सोडियम-आयन बॅटरीचे वृत्त आले, त्याचेही स्वागत झाले. अशी वृत्ते अभिमानास्पद आहेत, यात शंका नाही. मात्र ती वाचणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या हातातील फोन दुपारी चारच्या सुमारास लाल खूण दाखवू लागतो, आणि या रोजच्या प्रश्नाविषयी विज्ञानवार्तांमध्ये फारसे काही आढळत नाही.

हा प्रश्न किरकोळ वाटावा, अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवरून, स्थाननोंद असलेल्या छायाचित्रांसह, दिवसातून दोनदा नोंदवणे सक्तीचे झाले. सकाळचे छायाचित्र गेले आणि दुपारच्या छायाचित्रापूर्वी हजेरी घेणाऱ्या मेटचा फोन बंद पडला, तर राबलेल्या दिवसाच्या मजुरीवरच प्रश्नचिन्ह लागू शकते. अंगणवाडी सेविकांच्या नोंदी २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर जातात. रिक्षाचालकाचे भाडे, भाजीवालीची विक्री, रेल्वेचे तिकीट आणि बँकेचा ओटीपी हे सारे त्याच एका उपकरणात येऊन बसले आहे. फोन बंद पडणे म्हणजे अनेकांसाठी त्या दिवसापुरती ओळख, पैसा आणि रोजगार यांचे दार बंद होणे होय.

असे असूनही या विषयावर जे लिहिले जाते, त्याचा सूर एकच असतो : वापरकर्त्याने काटकसर करावी. त्या उपदेशातील काही भाग शास्त्रशुद्ध आहे, काही निव्वळ गैरसमज आहे, आणि उरलेला भाग मूळ जबाबदारी भलत्याच खांद्यावर टाकणारा आहे. हे तीन भाग वेगळे करून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम मूळ हिशेब. आजच्या सर्वसाधारण स्मार्टफोनमध्ये ५,००० मिलिॲम्पिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. तिच्या सुमारे ३.८५ व्होल्ट विद्युतदाबाने गुणल्यास ऊर्जा येते साधारण १९ वॅट-तास. घरातील ९ वॅटचा एलईडी दिवा एवढ्या ऊर्जेवर दोन तासांहून थोडाच अधिक काळ जळेल. तेवढ्याच शिदोरीवर फोनने पडदा उजळावा, दूरच्या टॉवरशी बोलावे, उपग्रहांवरून स्थान ओळखावे आणि छायाचित्रे पाठवावीत, अशी अपेक्षा असते. शिदोरी मर्यादित असताना ती नेमकी कुठे संपते, हे समजून घेतल्याखेरीज कोणताही उपाय व्यर्थ ठरतो.

मोठा वाटा पडद्याचा. सर्वत्र सांगितला जाणारा ‘डार्क मोड’चा उपाय केवळ ओएलईडी पडद्यांवर लागू पडतो, कारण त्यांत काळा बिंदू म्हणजे विझलेला बिंदू. एलसीडी पडद्यामागचा दिवा चित्र काळे असो वा पांढरे, सारखाच जळत राहतो; आणि स्वस्त फोनांत बहुधा एलसीडीच असतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात ओएलईडी फोनांवरही हे दिसून आले की, पडद्याची प्रखरता ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडमुळे होणारी सरासरी बचत अवघी ३ ते ९ टक्के असते. प्रखरता पूर्ण असेल तेव्हा मात्र ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत पोहोचते. यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. खोलीत बसणाऱ्याला या उपायाने नाममात्र लाभ होतो. उन्हात काम करणाऱ्याला, ज्याचा पडदा नाइलाजाने पूर्ण प्रखर ठेवावा लागतो, त्याला तो मोठा होऊ शकतो. परंतु त्याच्या फोनचा पडदा बहुधा त्या जातीचा नसतो. त्याच्यासाठी प्रखरता शक्य तेथे उतरवणे आणि सावलीत उभे राहून पडदा पाहणे, हाच खरा उपाय उरतो.

दुसरा मोठा वाटा रेडिओ-संपर्काचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. टॉवर जवळ असताना फोन हलक्या आवाजात बोलतो. टॉवर दूर गेला की त्याला ओरडावे लागते. रेंज क्षीण असलेल्या खेड्यात, घाटात किंवा जाड भिंतींच्या इमारतीत फोन खिशात निष्क्रिय असतानाही संपर्क शोधत राहतो आणि न वापरता रिकामा होतो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचा आरंभ झाला. जेथे हे जाळे विरळ आहे, तेथे फोन ४जी आणि ५जी यांच्यात येरझाऱ्या घालतो. अशा ठिकाणी सेटिंगमधून केवळ ४जी निवडणे, संपर्कच नसेल तेथे विमान-मोड लावणे आणि उपलब्ध असेल तेव्हा मोबाइल डेटाऐवजी वायफाय वापरणे, या गोष्टी उपयुक्त ठरतात. ज्या ॲपला स्थानाची गरज नाही, त्याची ती परवानगी काढून घेणेही तितकेच लाभदायक आहे.

आता गैरसमज. दर अर्ध्या तासाने सर्व ॲप बोटाने सरकवून बंद करण्याची सवय अनेकांना बचतीची वाटते. प्रत्यक्षात अलीकडील प्रणाली मागे पडलेल्या ॲपना बहुतांशी गोठवून ठेवतात. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासूनच निष्क्रिय फोनला गाढ झोपेत नेणारी व्यवस्था आहे. बंद केलेले ॲप पुन्हा मुळापासून उघडण्यात उलट अधिक ऊर्जा खर्च होते. एखादे ॲप खरोखरच चोरून बॅटरी खात असेल, तर सेटिंगमधील बॅटरीच्या यादीत ते दिसते. कारवाई त्याच्यावर करावी. ‘बॅटरी पूर्ण शून्यावर आणून मगच चार्ज करावी’ हा दुसरा समज निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरीला असे करणे हितकारक नाहीच, अपायकारक आहे.

भारतासारख्या देशात याहून महत्त्वाचा घटक आहे उष्णता. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले; विदर्भ, तेलंगण आणि गंगेच्या मैदानांत उन्हाळ्यात ४५ अंश ही नवलाची बाब नाही. अनेक फोनांसाठी वापराची शिफारस केलेली मर्यादा मात्र साधारण ३५ अंशांची असते. रासायनिक अभिक्रियांचा वेग दर १० अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि बॅटरीच्या आत नको असलेल्या अभिक्रियाही त्याला अपवाद नाहीत. ग्राफाइटच्या ऋणाग्रावर एक थर जमत जातो, त्यात उपयुक्त लिथियम अडकून पडते आणि क्षमता कायमची घटते. लडाखच्या हिवाळ्यात याच्या उलट घडते : आयनांची हालचाल मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि फोन अकस्मात बंद पडतो, परंतु ऊब मिळताच तो बहुधा पूर्ववत होतो. थंडीने नेलेली क्षमता बव्हंशी परत मिळते, उन्हाने नेलेली मिळत नाही. म्हणून गाडीच्या काचेमागे फोन न ठेवणे, उशीखाली किंवा उन्हात चार्ज न करणे आणि चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढणे, या साध्या गोष्टींचे मोल इतर अनेक युक्त्यांहून अधिक आहे.

येथवरचा सल्ला पाळता येण्याजोगा आहे. यापुढे मात्र पेच सुरू होतो. बॅटरीचे आयुष्य म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत : आजचा दिवस आणि येणारी वर्षे. आजच्या दिवसासाठी सकाळी ती शंभर टक्के भरलेली असावी लागते. वर्षांसाठी मात्र ती सतत काठोकाठ भरणे अहितकारक असते, कारण उच्च विद्युतदाबाला आतील रसायने अधिक वेगाने झिजतात. त्यामुळेच अनेक फोनांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आली आहे. कार्यालयात टेबलाशेजारी प्लग असलेल्या व्यक्तीला ८० टक्क्यांवर थांबणे परवडते. रोजगार हमीच्या कामावरील मेटला, दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्या वितरण कामगाराला किंवा पाड्यावर जाणाऱ्या आशा सेविकेला ते परवडत नाही. ते फोन पूर्ण भरतात, उन्हात वापरतात, क्षीण रेंजमध्ये वापरतात. अर्थात त्यांची बॅटरी लवकर जीर्ण होते, दिवस आणखी लवकर संपू लागतो आणि नवा फोन घेण्याचा भारही त्यांच्यावरच येतो. ज्यांची गरज सर्वाधिक, त्यांनाच काटकसरीचा उपदेश सर्वात कमी उपयोगी पडतो.

या पेचाचे उत्तर सवयीत नाही, वस्तूच्या रचनेत आहे. बॅटरी हा झिजणारा भाग आहे, सायकलच्या टायरसारखा. टायर झिजला म्हणून कोणी सायकल टाकून देत नाही. एके काळी फोनचे मागचे झाकण नखाने उघडत असे आणि नवी बॅटरी क्षणात बसत असे. आज ती गोंदाने चिकटवलेली असते. ती बदलण्यासाठी कारागीर, हत्यारे आणि दर्जेदार सुटा भाग तिन्ही लागतात, आणि यांपैकी एक तरी गोष्ट तालुक्याच्या ठिकाणी दुर्मीळ असते. परिणामी बनावट बॅटरीचा बाजार फोफावतो.

बॅटरी चिकटवल्यामुळे फोन सडपातळ होतो आणि पाण्यापासून सुरक्षित राहतो, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्यांश आहे. परंतु पाण्यापासून संरक्षण असलेले आणि तरीही बॅटरी हाताने काढता येणारे फोन बनलेले आहेत, विकलेही गेले आहेत. म्हणजे अडचण अभियांत्रिकीची कमी आणि प्राधान्याची अधिक आहे.

युरोपीय संघाने हे प्राधान्य कायद्याने बदलले. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनवर ऊर्जा-पट्टी लावावी लागते. एका चार्जवर फोन किती तास चालतो, बॅटरी किती आवर्तने टिकते आणि फोन दुरुस्तीस किती सुलभ आहे, हे त्या पट्टीवर छापलेले असते. बॅटरीने ८०० आवर्तनांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखावी, असा दंडकही आहे.

भारतात या दिशेने पावले पडली नाहीत, असे नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे संकेतस्थळ सुरू झाले आणि दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाविषयीच्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये लागू झाले. तथापि दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला ‘हा फोन माझ्या गावच्या उन्हात, माझ्या गावच्या रेंजवर किती तास चालेल आणि दोन वर्षांनी बॅटरी बदलायला किती खर्च येईल’ याचे उत्तर खोक्यावर मिळेल, तेव्हाच या पावलांना अर्थ येईल.

यासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रांवरील तारांकित पट्टीचा कार्यक्रम देशात २००६ पासून आहे आणि सामान्य ग्राहक तारे मोजून खरेदी करायला शिकला आहे. तशीच पट्टी फोनवर यावी. चाचणी मात्र भारतीय हवामानाची, म्हणजे २५ अंशांसोबत ४० अंशांवरचीही असावी. तिच्यात बॅटरी बदलण्याची सुलभता आणि अधिकृत बॅटरीची किंमत नमूद असावी. ज्या शासकीय यंत्रणा फोनवरून काम सक्तीचे करतात, त्यांनी आपली ॲप रेंज नसताना नोंद साठवून नंतर पाठवणारी, स्थान सतत न विचारणारी आणि जुन्या फोनवर हलकी चालणारी करावीत. फोन ही कामाची अट असेल, तर चार्जिंगची सोय ही देणाऱ्याची जबाबदारी ठरते.

रियासीचे लिथियम आणि बंगळुरूचे सोडियम यांचे दिवस येतील तेव्हा येतील. तोवर प्रखरता उतरवावी, फोन सावलीत ठेवावा, नको असलेल्या परवानग्या काढाव्यात. एवढे वापरकर्त्याच्या हाती आहे आणि त्याने ते जरूर करावे. परंतु चार वाजताच्या हजेरीला फोन जिवंत राहील की नाही, हे केवळ हातात फोन धरणाऱ्याच्या शिस्तीवर सोडून देणे न्याय्य नाही. तो फोन बनवणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि त्याची सक्ती करणाऱ्यानेही आपापला वाटा उचलला पाहिजे.