घरच्या होडीचे जलावतरण

स्वतःच्या हातांनी होडी बांधणाऱ्याने ती पाण्यात लोटण्याच्या दिवशी आप्तेष्टांना जमवावे, मेजवानी द्यावी आणि वाऱ्याने फुगलेल्या शिडासह दिमाखात क्षितिजाकडे निघून जावे, अशी जी रम्य कल्पना रूढ झाली आहे, तिला माझा विरोध आहे. कारण तो दिवस समारंभाचा नसून तपासणीचा, म्हणजे बांधकामाचाच शेवटचा टप्पा असतो.

१९६३ च्या जानेवारीत लंडनच्या नौकाप्रदर्शनात ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने आपल्याच नावाची जी चिमुकली होडी लोकांपुढे मांडली, तिचे उदाहरण घ्यावे. जॅक होल्ट हे अनुभवी नौकारचनाकार आणि दूरचित्रवाणीवर घरदुरुस्तीचे धडे देणारे बॅरी बकनेल या दोघांनी तिची आखणी केली. लांबी १० फूट १० इंच, सुट्या भागांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. नौकाविहार ही धनिकांची मिरास होय, हा समज त्या लाल शिडांनी बराच खोडून काढला आणि पुढे अशा ७०,००० हून अधिक होड्या तयार झाल्या. प्लायवुडच्या कापून दिलेल्या फळ्यांच्या कडांना भोके पाडायची, तांब्याच्या तारेचे टाके घालून पकडीने पीळ देत त्या एकमेकींशी भिडवायच्या, आतल्या सांध्यावर काचतंतूची पट्टी राळेत भिजवून बसवायची, आणि राळ आळली की बाहेरची तारेची टोके छाटून तोच संस्कार बाहेरूनही करायचा. ज्याने जन्मात रंधा धरला नाही अशा कारकुनालाही हे साधते. परंतु साधले की नाही, याचा दाखला पाण्यावाचून कोणी देऊ शकत नाही, आणि पाण्याकडे कोणाची शिफारस चालत नाही.

म्हणून पहिल्या खेपेस शीड गुंडाळूनच ठेवावे, काठाकाठाने वल्ही मारावीत, आणि होडी वर ओढल्यावर हवाबंद कप्प्यांची बुचे काढून आत पाणी शिरले आहे काय ते पाहावे; होडी उलटली तर तिला तरंगत ठेवण्याची सारी भिस्त त्या कप्प्यांवरच असते. तळातल्या फटीतून जी फळी खाली सोडायची, तिच्या खोबणीचा सांधा विशेष संशयास्पद. तेथे बोट फिरवून पाहावे, ओल लगेच कळते. हे उरकल्यावर मंद वारा पाहून, होडीचे तोंड वाऱ्याकडे धरून शीड चढवावे. ती फळी सोडायचे राहिले, तर आडव्या वाऱ्यात होडी पुढे जाण्याऐवजी खेकड्यासारखी बगलेला सरकू लागते, आणि काठावरच्या मंडळींची करमणूक होते ती नेमकी त्याच वेळी.

याच्या उलट, व्हार्निशचा आणखी एक हात द्यावा म्हणून होडी वर्षानुवर्षे पडवीतच ठेवणाराही मला पसंत नाही. त्याची तपासणी कायमची तहकूब! पाहुण्यांना बोलवायचेच तर चार-पाच फेऱ्या झाल्यावर खुशाल बोलवावे. त्याआधीच एखादा हट्टाने आला, तर त्याच्या हाती पाणी उपसण्याचा डबा द्यावा.