बोटीसाठी रडार घेताय? किंमत नंतर, आधी त्याची ‘भाषा’ विचारा

गडहिंग्लजला समुद्र नाही. पण आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, पुढे वेंगुर्ला आणि मालवण. आपल्याकडच्या कित्येकांचे नातेवाईक, भागीदार तिकडे बोटीच्या धंद्यात आहेत. आणि ज्या तंत्रावर हा लेख आहे, ते आपल्या शिवारातल्या ट्रॅक्टरच्या फार जवळचे आहे. म्हणून हा विषय इथे.

लहान बोटीवर रडार आणि ऑटोपायलट बसवायचे ठरले की पहिला प्रश्न असतो, ‘केवढ्याला?’ दुसरा, ‘किती मैल दिसतं?’ माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा हवा: ही दोन यंत्रे एकमेकांशी बोलतात का?

रडारला दिशा कोण सांगतो?

ऑटोपायलट म्हणजे एकच डबा नव्हे. दिशा मोजणारा होकायंत्र-सेन्सर, हिशोब करणारा संगणक आणि सुकाणू फिरवणारा पंप किंवा मोटर, असे त्याचे भाग असतात. यातला होकायंत्र-सेन्सर रडारलाही लागतो. रडारचे चित्र नकाशावर चढवायचे किंवा समोरच्या जहाजाचा वेग आणि मार्ग काढायचा, तर बोटीचे नाक नेमके कुठे आहे हे सेकंदाला साधारण १० वेळा कळावे लागते.

‘जीपीएस आहे की!’ असे अनेकजण म्हणतात. जीपीएस सांगते बोट कुठे सरकते आहे. तिचे तोंड कुठे आहे ते नाही. जाळे ओढताना बोट जवळपास थांबलेली असते, प्रवाह तिला आडवा ढकलतो. अशा वेळी जीपीएसच्या दिशेवर बसवलेले रडारचे चित्र नकाशावर तिरके पडते. किनाऱ्याचा खडक एका जागी आणि त्याची रडारवरची खूण दुसऱ्या जागी. अंधारात, धुक्यात असे चित्र नसलेले बरे.

ट्रॅक्टरचा सख्खा भाऊ

सागरी उपकरणांची जुनी भाषा म्हणजे एनएमईए ०१८३. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. वेग ४८०० बॉड. नवी भाषा एनएमईए २०००. तिच्यात एकाच मुख्य तारेवर सगळे बोलतात आणि ऐकतात, वेग सेकंदाला २,५०,००० बिट. हिचा पाया आहे कॅन बस. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारींसाठी मांडलेले हे तंत्र. ट्रक-ट्रॅक्टरच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात जे१९३९ नावाने चालते, ते याच घरातले.

त्यामुळे तपासणीची युक्तीही तीच. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. वीज बंद करून दोन सिग्नल तारांमध्ये मल्टीमीटर लावला की ६० ओहमच्या आसपास दाखवायला हवे. १२० दाखवले तर एक टोक सुटले आहे. गडहिंग्लजचा ट्रॅक्टर इलेक्ट्रिशियन वेंगुर्ल्यात जाऊन हे काम करू शकेल.

गंमत पुढे आहे. होकायंत्र, जीपीएस, ऑटोपायलट या भाषेत बोलतात, पण रडारचे चित्र तिच्यात मावत नाही. ते बहुधा इथरनेटच्या तारेने जाते आणि तिथे प्रत्येक कंपनीची आपली गुप्त बोली असते. म्हणून व्यवहाराचा नियम सोपा: रडार आणि त्याचा स्क्रीन एकाच कंपनीचा घ्या. ऑटोपायलट दुसऱ्या कंपनीचा चालेल, पण एनएमईए २००० वालाच. तो स्क्रीनवर आखलेल्या मार्गाने जाईल. मात्र स्क्रीनवरूनच चालू-बंद होईल याची खात्री नाही. ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

४८ मैलांचे आमिष

रडारच्या खोक्यावर २४, ४८ मैल छापलेले असते. पृथ्वी गोल आहे, हे तिथे छापलेले नसते. अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर आणि समोरची बोटही तेवढीच उंच असेल, तर ती जास्तीत जास्त सुमारे ९ सागरी मैलांवर दिसेल. ३६ मीटर उंच जहाज साडेसतरा मैलांवर. रडार कितीही महाग घ्या, त्याने क्षितिज हटत नाही. लाकडी किंवा फायबरची होडी तर मुळात फार थोडा प्रतिध्वनी देते. म्हणून रडार परवडत नसेल तर निदान धातूचा रडार-परावर्तक काठीवर चढवा. आपल्याला दुसरे दिसले नाहीत, तरी दुसऱ्यांना आपण दिसू.

ऑटोपायलटच्या बाबतीतली चूक उलटी असते. तो लहान घेतला जातो. वजन रिकाम्या बोटीचे धरायचे नाही, डिझेल, बर्फ आणि मासळीने भरलेल्या बोटीचे धरायचे. आणि तो लावला म्हणून तांडेलाने झोपायचे नाही. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा मागतो.

सरकारने काय करावे

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधून मच्छीमार नौकांवर १ लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची केंद्राची योजना सुरू झाली. पाऊल चांगलेच. पण बोटीवर एक डबा सरकारचा, एक जीपीएसचा, एक मासळी शोधणारा, आणि तिघांचे तीन स्क्रीन असे होत गेले तर तांडेल शेवटी एकाकडेही बघणार नाही. सरकारी पैशातून किंवा अनुदानातून बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक यंत्राला एनएमईएची जोडणी हवीच, ही अट निविदेत घालायला फारसा खर्च येत नाही. शेतकऱ्याला एकाच कंपनीची ट्रॉली घ्यायला कोणी लावत नाही. हुक सगळ्यांना बसतो. मच्छीमाराला तेवढे तरी मिळावे.

एक कामाची गोष्ट. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी ओढून ठेवलेल्या असतात. तारा ओढायला, पंप बसवायला हीच वेळ. पण होकायंत्राचे जुळवणीचे काम जमिनीवर होत नाही. त्यासाठी शांत पाण्यात बोट सावकाश गोल फिरवावी लागते. पहिल्या फेरीआधी त्यासाठी एक सकाळ राखून ठेवा, आणि सेन्सर स्पीकरच्या चुंबकापासून व इंजिनापासून लांब आहे ना, ते त्याआधी पाहा.