थंडी दारूने पळत नाही, ती आत शिरते

डिसेंबर उजाडला की कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात सोमवारी एक ठरलेला रुग्ण येतो. रविवारी पहाटे मित्रांबरोबर खडकवासला, पानशेत किंवा मुळशीच्या काठावर गळ टाकायला गेलेला. "डॉक्टर, थंडी कडाक्याची होती, पण दोन पेग मारले म्हणून निभावलं," असं तो कौतुकाने सांगतो. माझं भांडण या वाक्याशी आहे. तुम्ही निभावलात ते दारूमुळे नव्हे, दारू पिऊनही!

थंडीत शरीर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि उष्णता हृदय, मेंदू यांसाठी आत राखून ठेवतं. दारू त्याच रक्तवाहिन्या सैल करते. गरम रक्त त्वचेकडे येतं, गाल तापतात, बरं वाटतं. पण ती ऊब शरीराबाहेर चाललेली असते. म्हणजे थंडी वाजते म्हणून घराची दारं-खिडक्या सताड उघडण्यातलाच हा प्रकार.

"पुण्यात कुठे बर्फ पडतो?" असं तुम्ही म्हणाल. बर्फाची गरजच नाही. पहाटे पारा दहाच्या आसपास, अंगावर ओला सुती शर्ट आणि धरणावरचं वारं, एवढं पुरतं. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं. शरीराच्या आतलं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याची लक्षणं अशी: कुडकुडणं, बोटांनी गळाला आमिष लावता न येणं, जड जीभ, जाणारा तोल, गुंगी. यादी पुन्हा वाचा. दारू चढलेला माणूस असाच दिसतो ना? म्हणूनच सोबती म्हणतात, "चढलीय त्याला, झोपू द्या." ही झोप जीवघेणी ठरू शकते.

अशा वेळी ओले कपडे काढा, कोरड्या चादरीत किंवा ब्लँकेटमध्ये गुंडाळा, डोकं झाका. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, दारू अजिबात देऊ नका, 108 ला फोन करा.

रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणखी ऐका. थंडीत रक्तदाब वाढतो. पहाटे निघायच्या घाईत गोळी चुकवू नका. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, घाम, धाप यांना "गॅस" समजून बसू नका. मधुमेहींनो, पाय बधिर असतील तर शेकोटीपासून लांब बसा; भाजल्याचं तुम्हाला कळणारसुद्धा नाही. आणि पेटती शेगडी तंबूत किंवा गाडीत कुणीच ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अचानक गार पाण्यात पडलं की माणूस नकळत जोरात श्वास ओढतो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जातं. तिथे पट्टीचा पोहणाराही फसतो. म्हणून होडीत लाइफ जॅकेट हवंच, आणि काठावरसुद्धा एकटं जाऊ नका.

छंद जरूर जोपासा. पिशवीत बाटलीऐवजी चहाचा थर्मास, लोकरीची टोपी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड टाका. मासा गळाला लागो न लागो, सोमवारी तुम्ही ठणठणीत असायला हवेत.