गाडीचे दफ्तर

लेकीच्या घरी परदेशी राहावयास गेलेल्या आईला तिकडे फारसे काम नसते. म्हणून जे एखादे वाट्याला येते ते मन लावून करावेसे वाटते. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे माझ्या वाट्याला एका मोटारगाडीचे दफ्तर लावण्याचे काम आले. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुलेबाळे तिकडे आहेत, आणि २०२५ च्या जुलैत या गाड्यांचे दालन मुंबईतही उघडले. तेव्हा ती हकीकत येथे सांगितली तर अस्थानी होऊ नये.

गाडी टेस्ला कंपनीची. तिच्या अंगावर चहूकडे कॅमेरे असतात ते मुळात गाडीला रस्ता दिसावा म्हणून. २०१८ च्या ऑक्टोबरपासून कंपनीने त्यांच्याकडून आणखी एक काम घ्यावयास आरंभ केला: जे दिसेल ते टिपून ठेवावे, म्हणजे पुढे तंटा उद्‌भवल्यास दाखवता येईल. यालाच डॅशकॅम म्हणतात. चित्र तेवढे मिळते, आवाज नाही. परंतु ही चित्रे ठेवावयाची कोठे, तर यूएसबी ड्राइव्हवर. आणि तो ड्राइव्ह नीट नसेल तर त्या सगळ्या डोळ्यांना दिसलेले जागच्या जागी विरून जाते.

आमचे तसेच झाले. एका शनिवारी भाजी घेऊन दुकानाबाहेर येतो तो गाडीच्या मागच्या दाराला चांगला हातभर पोचा! ठोकणारा केव्हाच निघून गेलेला. जावईबापू मात्र निर्धास्त. “आई, काळजी करू नका, गाडीने सगळं टिपलं असेल.” घरी येऊन त्यांनी ड्राइव्ह संगणकाला लावला. त्यावर एकही चित्र नव्हते. त्या दिवसाचे नव्हते, तसेच आधीच्या चार महिन्यांचेही नव्हते. दुरुस्तीचा खर्च मुकाट्याने खिशातून गेला.

दोष गाडीचा नव्हता. जावईबापूंनी घरातला एक जुना ड्राइव्ह तसाच खोचून दिला होता आणि तो ‘एनटीएफएस’ पद्धतीने आखलेला होता. ड्राइव्ह म्हणजे कोरी वही. तिच्यात काही लिहिण्यापूर्वी रकाने आखावे लागतात. त्या आखणीलाच फॉर्मॅट करणे म्हणतात. एनटीएफएस ही विंडोज संगणकांची आवडती आखणी खरी, पण ही गाडी तिच्यावर लिहीत नाही. तिला ‘एक्सफॅट’ चालते. लिनक्सवाल्यांची ‘ईएक्सटी४’ही चालते. शिवाय ड्राइव्हवर अगदी वरच्या पातळीवर ‘टेस्लाकॅम’ नावाची घडी, म्हणजे फोल्डर, असावी लागते. नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, आणि टी व सी ही दोन अक्षरे मोठी. इतका सोवळेपणा आमच्या आजेसासूबाईंच्या स्वयंपाकघरातही नव्हता!

दुसरेही एक ध्यानात आले. उभ्या गाडीवर पहारा ठेवणारी ‘सेंट्री’ ही सोय वेगळी चालू करावी लागते, आणि ती बॅटरी खाते म्हणून जावईबापूंनी बंद ठेवली होती. म्हणजे ड्राइव्ह नीट असता तरी त्या शनिवारी चित्र मिळालेच असते असे नाही.

नवी मांडणी करावयाचे ठरले. ड्राइव्ह निदान ६४ जीबीचा हवा आणि सेकंदाला किमान ४ एमबी या वेगाने सतत लिहून घेणारा हवा. लेकीने खणातून एक पेनड्राइव्ह काढला. बरोबर ६४ जीबीचा! आता आखणीसाठी संगणकाचीही गरज उरलेली नाही. ड्राइव्ह समोरच्या बंद कप्प्यातील खोबणीत बसवावा (पुष्कळ गाड्यांत आसनांमधल्या खोबणी केवळ चार्जिंगपुरत्या असतात), पडद्यावर ‘सेफ्टी’ या भागात जाऊन फॉर्मॅटची आज्ञा द्यावी. रकानेही आखले जातात, फोल्डरही आपोआप तयार होते. मात्र आधी जे काही असेल ते सारे पुसले जाते.

लेकीचे बोट पडद्याजवळ गेले आणि मला कसेसेच झाले. “थांब गं, त्यात काय आहे ते एकदा बघ तरी.” ती जरा नाखुशीनेच उठली. संगणकावर उघडले, तो त्यात माझ्या सासूबाईंचा आवाज! २०१२ साली इंदूरच्या घरी त्यांनी गायिलेली मंगळागौरीची आणि हादग्याची गाणी, मध्येच त्यांचा खोकला, मागे कुकरची शिट्टी. त्या २०१६ मध्ये गेल्या. या गाण्यांची दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. लेक काही बोलली नाही. तिने पुनःपुन्हा तेच गाणे लावले.

गाडीसाठी मग वेगळा ड्राइव्ह विकत आणला. सतत लिहिण्यापुसण्याने साध्या पेनड्राइव्हची स्मृती लवकर झिजते, आणि उन्हात तापलेल्या बंद कप्प्यात तर अधिकच. म्हणून दीर्घकाळ लेखन सोसणारे मायक्रोएसडी कार्ड वाचकासह घेतले. गाडी निदान शेवटच्या तासाभराचे चित्रण ठेवते व जुन्यावर नवे लिहीत जाते. काही विशेष घडले तर पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या चिन्हाला बोट लावावे, म्हणजे मागील दहा मिनिटे वेगळी जपली जातात. भोंगा वाजवताच जपली जावीत अशीही सोय आहे. ड्राइव्ह काढण्यापूर्वी तेच चिन्ह दाबून धरून नोंद थांबवावी, एकदम उपटू नये. आणि आठवड्यातून एकदा ड्राइव्हवर खरोखरच चित्र उमटले आहे की नाही ते उघडून पाहावे. हे शेवटचे काम मी तेथे होते तोवर माझ्याकडे होते.

गाणी मी परत येताना दोन प्रतींत आणली. गाडीतल्या ड्राइव्हवर लेकीने कागदाची चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर मराठीत लिहिले आहे: ‘गाडीचा. आजीचा नव्हे.’