चौथा नंबर

गेल्या वसंतात लेक जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत चौथी आली. बीमवर पाय घसरला, तेवढंच. एस-बानमध्ये बसल्याबसल्या मी म्हणाले, "अगं, घसरली नसतीस तर तिसरी होतीस!" शाळेत शिकवलेलं, गुणपत्रिका डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढच्या मंगळवारी ती क्लबला जायला तयारच होईना. ओढत नेली.

तिच्या ट्रेनर दिवसभराची नोकरी आटोपून येतात. मुलं त्यांना नावाने हाक मारतात. माझ्यातल्या 'बाईं'ना ते अजून पचलेलं नाही. त्यांनी घसरण्याचा विषयच काढला नाही. आधी जमिनीवरच्या रेघेवर चालायला लावलं, मग बुटक्या बीमवर. "चूक काय झाली?" असं नाही, "टाच कुठे होती?" एवढंच विचारलं. शेवटी एका चिमुरडीचा हात धरून तिला चालवायचं काम लेकीवर सोपवलं. घरी परतली ती बडबडतच.

मला स्वप्नील कुसाळे आठवला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आघाडीवर असताना एक गोळी ७.६ वर गेली, पुन्हा चौथा! अशा मुलाला मी काय म्हणाले असते, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. त्या आपल्याला दुसऱ्या आईसारख्या आहेत, असं तो सांगतो. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, गुडघ्यावर बसून आणि पालथं झोपून नेम धरून झाल्यावर तो पाचवा होता. उभ्याने नेम धरताना, म्हणजे हांगझोला जिथे घात झाला तिथेच, तो वर चढला. ४५१.४ गुण, ब्राँझ. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सकाळी पोटात नुसता काळा चहा होता, आणि गुणफलकाकडे न बघता श्वासाकडे लक्ष ठेवलं, असं त्याने नंतर सांगितलं.

खेळाडूला ते जमलं. फलकाकडे न बघणारी आई मात्र अजून तयार व्हायची आहे.

लेकीची पुढची स्पर्धा नोव्हेंबरात आहे. डब्यात थालीपीठ हवंय, आणि "कितवी आलीस?" हे मी घरी पोचेपर्यंत विचारायचं नाही, असं तिने आत्ताच बजावून ठेवलंय. घरी पोचायला पस्तीस मिनिटं लागतात.