‘पेशंट शांत आहे’ असं फाइलवर लिहिलं होतं

माझे मामा शेवटचे अकरा दिवस एका हॉस्पिसमध्ये होते. त्यातल्या चार रात्री त्यांनी पाय आपटत, दात आवळून काढल्या. आणि त्या चारही रात्रींच्या पुढे फाइलवर एकच ओळ होती : पेशंट शांत आहे.

संस्थेचं नाव सांगणार नाही, विचारू नका. नाव सांगितलं की तुम्ही तिथं जाऊन एक स्टार देऊन याल आणि आपण काहीतरी केलं म्हणून झोपाल. मला तुमची झोप घालवायची आहे.

मामा मूळचे निपाणीचे. सत्तरच्या दशकात कोयलीला रिफायनरीत लागले. कोयली म्हणजे वडोदऱ्याच्या अंगाला असलेलं गाव. १९६५ पासून तिथं इंडियन ऑइलची रिफायनरी आहे. इकडे महाजन अहवालावरून रान पेटलेलं आणि हाताला काम नाही, म्हणून मामा तिकडे गेले ते तिकडचेच झाले. वडोदरा गायकवाडांचं शहर, दांडिया बाजारात फिरलं तर आजही मराठी कानावर पडतं, त्यामुळे परक्या मुलखात आलोय असं त्यांना कधी वाटलं नाही. गुजराती तर अशी बोलायचे की दुकानदार त्यांना तिकडचेच समजायचे.

प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला. डॉक्टर म्हणाले आता घरी न्या किंवा हॉस्पिस बघा. मामेभावानं एका ट्रस्टचं हॉस्पिस शोधलं. चकचकीत फरशी, बाग, देवघर, ऑनलाइन रेटिंग पाचाच्या जवळ. पैसे नाहीत. आम्ही सगळे म्हणालो, नशीब.

शेवटाकडे मामांची गुजराती गळून पडली. हे बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचं होतं. मागून शिकलेली भाषा आधी सोडून जाते, आईची शेवटपर्यंत राहते. नर्स येऊन विचारायची, ‘दुखे छे?’ मामा मान हलवायचे, नाही. कारण त्यांना ‘दुखत’ नव्हतं. त्यांना काय होत होतं ते ते निपाणीच्या बोलीत सांगत होते : ‘पायात आग हुतीया. इस्तू ठेवल्यागत.’

इस्तू. चुलीतला निखारा. नर्सला तो शब्द माहीत असायचं कारण नाही. पण मामेभावालाही माहीत नव्हता, तो तिकडेच जन्मला आणि वाढला. त्याला वाटलं बाबा भ्रमात काहीतरी बडबडताहेत. पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मी ते ऐकलं आणि मला घाम फुटला. मी भावाला म्हणालो, अरे, पाय जळतोय म्हणताहेत ते. तिथल्या एका तरुण डॉक्टरला फोन द्यायला लावला. त्यानं नीट ऐकून घेतलं, नसेच्या दुखण्याची गोळी सुरू केली आणि दोन दिवसांत मामा झोपायला लागले.

आता यात भाषेचा काय संबंध, असं विचारणारे आपल्यातच आहेत. सांगतो. ठणका वेगळा, आग वेगळी. हाडात गाठ असेल तर ठणकतं. नस दबली असेल तर आग होते, चमका निघतात, मुंग्या येतात. नसेच्या दुखण्याला नेहमीची वेदनाशामक बऱ्याचदा पुरी पडत नाही. गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखं औषध जोडावं लागतं. हे कुठल्या मशीनवर दिसत नाही, रक्तात सापडत नाही. पेशंट कुठला शब्द वापरतो त्यावरून डॉक्टरला ओळखावं लागतं. म्हणजे शब्द हीच तपासणी झाली. ती चुकली तर औषध चुकतं.

आणि हो, लगेच झेंडे बाहेर काढू नका. मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या वॉर्डात अथणीची एखादी आज्जी ‘उरी, उरी’ म्हणत असेल आणि आपली मराठी सिस्टर ‘आज्जी, दुखतंय का?’ एवढंच विचारून पुढे जात असेल, तर तो गुन्हा तोच आहे. कानडीत नोवु म्हणजे दुखणं आणि उरी म्हणजे आग. सीमाभागात वाढलेल्या पोराला हे दोन्ही शब्द माहीत असतात. तेवढ्यापुरते आपण त्या चकचकीत फरशीवाल्यांपेक्षा शहाणे आहोत.

माझं भांडण गुजरातीशी नाही. त्या वॉर्डातल्या गुजराती मावशीच मामांच्या पायावर ओलं फडकं ठेवत होत्या, कुणी न सांगता. त्यांना इस्तू कळला नव्हता, पण पाय कळला होता. त्यांचं म्हणणं फाइलवर लिहायची सोय मात्र नव्हती.

माझं भांडण आपल्या मोजपट्टीशी आहे. हॉस्पिस चांगलं आहे हे आपण कशावरून ठरवतो? स्वच्छता. बाग. स्टाफ हसून बोलतो का. आणि दाराशी ठेवलेली अभिप्रायाची वही. त्या वहीत कोण लिहितं? मेलेला माणूस लिहीत नाही. लिहितात ते रडून थकलेले, उपकाराखाली दबलेले नातेवाईक. म्हणून तर सगळ्या वह्या सारख्याच असतात : ‘फार चांगली सेवा. आम्ही ऋणी आहोत.’ आणि फुकट असेल तर संपलंच, तोंड उघडायची सोय नाही. ‘ते बिचारे सेवा करतात आणि तुम्ही चुका काढता?’ हो, काढतो. सेवा फुकट आहे म्हणून वेदना सवलतीत मिळत नाही. ती पुरी सोसावी लागते.

सिसिली सॉन्डर्स या बाईनं १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं, तिथून आजचं हॉस्पिस सुरू झालं. ती आधी नर्स होती, मग सोशल वर्कर, आणि वेदनेवर काम करायला मिळावं म्हणून नंतर डॉक्टर झाली. पेशंटच्या उशाशी बसून तो काय म्हणतो ते ऐकणं हे तिच्या कामाचं मूळ. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला, शांती आवेदना, १९८६. त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेवरची पुस्तिका काढली. तिचा गाभा साधा : औषध शक्यतो तोंडानं द्या, घड्याळ लावून द्या, दुखण्याच्या पायरीप्रमाणे वाढवा. म्हणजे पेशंट ओरडेपर्यंत थांबायचं नाही. हे सांगून चाळीस वर्षं होत आली.

तरी आपली गत काय? मरणाच्या काळजीचा दर्जा मोजणारा एक जागतिक निर्देशांक २०१० साली आला, त्यात ४० देशांत भारत चाळिसावा. २०१५ मध्ये परत मोजलं, ८० देशांत ६७ वा. आणि गंमत बघा, ज्या अफूपासून मॉर्फिन होतं ती कायद्यानं पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात शेती, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने. पीक आपलं, आणि कळवळतोयही आपलाच माणूस. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्यांचं असं जंगल केलं की दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच घाबरायला लागले. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, मॉर्फिनसकट सहा औषधांसाठी देशभर एकच नियम आला, मान्यताप्राप्त संस्थेला आता परवान्यांची ती जुनी चळत लागत नाही. त्यामुळे आज एखादं हॉस्पिस ‘आमच्याकडे मॉर्फिन मिळत नाही हो, कायदा कडक आहे’ म्हणालं, तर सरळ विचारा : मान्यता मागितली होती का, कधी? तिथं गप्प झाले तर उत्तर मिळालं.

अजून एक प्रश्न आहे, तो कुठल्याही डॉक्टरला विचारता येतो आणि त्यात सगळं उघडं पडतं. मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध लिहिलंय का? मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच, जवळजवळ प्रत्येकाला. ज्यानं पहिल्या दिवसापासून ते औषध लिहिलं नाही, त्याला हे काम येत नाही किंवा त्याला पर्वा नाही. दोन्ही वाईट. तसंच, दोन डोसांच्या मध्ये अचानक कळ आली तर द्यायचा जादा डोस लिहून ठेवलाय का, आणि रात्री दोन वाजता तो द्यायचा अधिकार कुणाला आहे? आमच्याकडे उत्तर होतं, ‘सकाळी सर येतील तेव्हा.’ सर सकाळी साडेनऊला यायचे. मध्ये रात्र किती लांब असते ते मामींना विचारा.

बाग नंतर बघा. आधी रात्रपाळीला किती माणसं आहेत ते बघा.

केरळचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो, कारण ते खरं आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये थोड्या लोकांनी काम सुरू केलं, पुढे गल्लीतली पोरं, शिक्षक, दुकानदार त्यात शिरले, २००८ मध्ये सरकारनं धोरणच केलं आणि पंचायती घरोघरी नर्स पाठवायला लागल्या. तिथं विचारायला येणारा माणूस त्याच गल्लीतला, त्याच बोलीतला. महाराष्ट्रानंही २०१२ मध्ये धोरण केलं. कागद आपल्याकडेही आहे. गल्ली नाही.

हक्काचं म्हणाल तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे की आजाराची माहिती पेशंटला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. आपण पंधरा टक्क्यांच्या नियमावर, मराठीत परिपत्रक मिळावं म्हणून तहसीलदाराच्या दारात बसतो. बसायलाच पाहिजे. पण तो नियम सरकारी कागदापुरता, आणि सनद पेशंटला माहिती द्यायची म्हणते. उलट्या बाजूचं काय? पेशंटनं दिलेली माहिती कुणाला कळली पाहिजे, हे आपण कधी मागितलं? सातबाऱ्यासाठी जेवढा घसा कोरडा केला, त्याच्या दहाव्या हिश्शानं तरी आज्जीच्या कण्हण्यासाठी केला का? मी नाही केला. लाज वाटते म्हणून लिहितोय.

आणि कबुली पुरी देतो. मामा गेल्यावर तेराव्याच्या नंतर आम्ही त्या संस्थेत चादरी द्यायला गेलो. वही पुढे केली. मामींनी लिहिलं, ‘फार चांगली सेवा. आम्ही ऋणी आहोत.’ खाली मीही सही केली. त्या चार रात्रींबद्दल एक अक्षर नाही. बाहेर आल्यावर मामी म्हणाल्या, ‘अरे, तो पोरगा डॉक्टर चांगला होता, त्याला कशाला त्रास.’ खरंच होता. पण मग ती वही कुणासाठी?

परवा मामेभावाला घेऊन परत गेलो. या वेळी वहीला हात लावला नाही. एक कागद नेला होता. एका बाजूला आपले शब्द : ठणका, कळ, चमक, सणक, आग, भगभग, मुंग्या, टोचतंय, ओढतंय, इस्तू ठेवल्यागत. समोर भावानं गुजरातीत अर्थ लिहिलेला. तरुण डॉक्टर सुट्टीवर होता. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या ट्रस्टींना दाखवून सांगते. मावशींनी मात्र कागद हातात घेतला, चार वेळा वाचला, इस्तूवर बोट ठेवून थांबल्या, आणि औषधांच्या ट्रॉलीच्या आतल्या बाजूला चिकटवून टाकला.

कागदावर खाली जागा मोकळी आहे. चंदगड, कारवार, बिदर, डांग, तुमच्या घरात जळणाऱ्या पायाला काय म्हणतात ते पाठवा. कानडी, कोकणी, डांगी, काहीही चालेल. पुढच्या खेपेला तो कागद मोठा करून नेणार आहे.